टाके लहान, उपास मोठा

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सकाळच्या राऊंडला एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'गॅस सुटला का?' रुग्ण संकोचतो, उशाशी बसलेली बायको किंवा मुलगा त्याच्या वतीने उत्तर देतो, आणि उत्तर 'नाही' असेल तर फाईलवर 'तोंडाने काही नाही' या शेऱ्याची मुदत आणखी एक दिवस वाढते. रुग्णाच्या कितीतरी पिढ्यांचे जेवण या एका उत्तरावर अडलेले होते. चार दिवस, पाच दिवस, कधी पुरा आठवडा. नाकात नळी, हातात सलाईन, कुशीत ड्रेन आणि खाटेखाली लघवीची पिशवी.

१९९१ मध्ये मोठ्या आतड्याचा भाग दुर्बिणीतून काढल्याचे पहिले अहवाल प्रसिद्ध झाले. आज कर्करोगासाठीही ही पद्धत रुळली आहे. बेंबीच्या वर-खाली मारलेला वीतभर छेद गेला. त्याच्या जागी चार-पाच छिद्रे आणि आतड्याचा तुकडा बाहेर काढण्यापुरता एक लहान छेद आला. रुग्णाचे नातेवाईकही हल्ली 'दुर्बिणीने होईल ना?' असे आवर्जून विचारतात. पण शस्त्रक्रियागृहाचा दरवाजा ओलांडून रुग्ण वॉर्डात आला, की अनेक ठिकाणी जुनेच राज्य सुरू होते. टाके टिकल्यांएवढे, उपास मात्र जुन्या मापाचा. लाखो रुपयांच्या यंत्राने जे कमावले, त्यातले बरेचसे वॉर्डातल्या सवयींमध्ये वाया जाते. त्या सवयी बदलायला फार पैसे लागत नाहीत. कदाचित म्हणूनच तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

उपासामागचा तर्क वरवर पटणारा आहे. आतड्याचा रोगट भाग काढून दोन टोके जोडली, तर त्या जोडाला विश्रांती हवी. अडचण इतकीच, की आतडे कधीच रिकामे नसते. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून दिवसाला सुमारे ७ लिटर द्रव शरीर स्वतःच आतड्यात ओतते, माणूस जेवो अथवा न जेवो. वाटीभर पेज वाचवून जोडाला कसली विश्रांती मिळणार? शिवाय शस्त्रक्रियेनंतर लहान आतडे काही तासांतच हालचाल करू लागते, जठर एक-दोन दिवसांत, आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी. गॅस सुटणे ही या शेवटच्या मंडळींची हजेरी. तोपर्यंत आधी जागे झालेल्यांनाही उपाशी ठेवायचे, असा तो कारभार होता.

हा कारभार कोपनहेगनजवळच्या हिदोव्रे रुग्णालयातील सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात तपासायला घेतला. शस्त्रक्रिया पार पडलेला, टाके ठीक असलेला रुग्ण आजही रुग्णालयात का आहे, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तरे ठरावीक निघाली: दुखते आहे, मळमळते आहे, पोट फुगले आहे, अंगात त्राण नाही, नळ्या आहेत. केलेट यांनी या प्रत्येक कारणावर वेगळा आणि एकाच वेळी उपाय योजला. पाठीतल्या बारीक नळीतून वेदनाशामक औषध, त्याच दिवशी तोंडाने अन्न, त्याच दिवशी खाटेवरून खाली. १९९५ मध्ये दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्या मोजक्या वयस्क रुग्णांचा अहवाल त्यांच्या गटाने प्रसिद्ध केला. ही मंडळी दोन दिवसांत घरी जाऊ शकली होती. २००० मध्ये ६० रुग्णांचा अहवाल आला आणि तोही मध्यक दोन दिवसांचाच. विशेष म्हणजे, या ६० जणांची शस्त्रक्रिया दुर्बिणीने नव्हे, पोट उघडून झाली होती.

२००१ मध्ये युरोपातील काही सर्जन या विषयावर एकत्र आले. एडिनबरोचे केनेथ फिअरन आणि स्वीडनचे ओले युंगक्विस्ट हे त्यातले पुढारी. त्यांनी केलेट यांचा 'फास्ट ट्रॅक' हा शब्द सोडला. कारण घाई हा हेतू नव्हता, रुग्णाने चांगले सावरावे हा होता. नव्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला जगभर 'इरास' म्हणतात. शस्त्रक्रियेआधी, दरम्यान आणि नंतर करायच्या वीसेक गोष्टींची ती यादी आहे. एकेक गोष्ट किरकोळ वाटते. एकत्र केल्या तर फरक पडतो.

यावरून दुर्बीण बिनमहत्त्वाची ठरवणे मात्र चुकीचे होईल. नेदरलँड्समध्ये नऊ रुग्णालयांत ४०० रुग्णांवर चार गट करून याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्यांचा मध्यक मुक्काम दोन्ही प्रकारच्या शुश्रूषेत ७ दिवस होता. दुर्बीण आणि जुनी शुश्रूषा, ६ दिवस. दुर्बीण आणि नवी शुश्रूषा, ५ दिवस. म्हणजे एकट्या शुश्रूषेने तिथे जादू केली नाही. तिला दुर्बिणीची साथ लागली. दुसरीकडे, इंग्लंडमधील एका चाचणीत सर्वच रुग्णांना इरासची शुश्रूषा दिली, तेव्हा दुर्बिणीचे रुग्ण दोन दिवस लवकर घरी गेले, पण महिन्याभरानंतरचा थकवा दोन्ही गटांत सारखाच निघाला. पोट उघडावे लागले म्हणून रुग्णाने आणि नातेवाइकांनी हळहळत बसण्याचे कारण नाही, एवढे तरी यातून समजावे. काही गाठींसाठी ते आवश्यकच असते.

यादीतली पहिली लढाई पाण्याशी आहे. 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको' हा नियम सर्वांना पाठ आहे. भुलेच्या वेळी पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकते, हे न्यूयॉर्कचे कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींच्या अनुभवावरून दाखवले. भीती खरी आहे. पण साधे पाणी निरोगी जठरातून लवकर पुढे जाते. १९९९ मध्येच अमेरिकेच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी आणि गाळीव पेये चालतील, असे सांगितले. जड नसलेल्या जेवणासाठी सहा तास. इथे चहाचा घोळ होतो: दुधाचा चहा हे पाणी नाही, ते अन्न, त्याला सहा तासच. कोरा चहा, गाळलेले लिंबू सरबत, शहाळ्याचे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. ज्यांचे जठर सावकाश रिकामे होते, जसे काही जुने मधुमेही किंवा आतड्यात अडथळा असलेले रुग्ण, त्यांचा निर्णय भूलतज्ज्ञानेच घ्यायचा.

सरकारी रुग्णालयात या नियमाला आणखी एक अर्थ आहे. शस्त्रक्रियांची यादी लांब असते. यादीत चौथा असलेला रुग्ण रात्री बारापासून तहानलेला असतो आणि त्याचा नंबर दुपारी दोनला लागतो. कधी लागतच नाही आणि सायंकाळी 'उद्या' असे सांगितले जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच उपास. कर्करोगाने आधीच वजन घटलेल्या माणसाला हे परवडत नाही. चौथ्या नंबरच्या माणसाला सकाळी दहापर्यंत पाणी पाजायला कोणती खरेदी लागते? निविदा काढावी लागत नाही. सिस्टरला सकाळी यादी हातात मिळावी लागते आणि भूलतज्ज्ञाने तिच्यावर वेळ लिहावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वी द्यायच्या साखरेच्या पेयाची तयार पाकिटेही मिळतात. साध्या पाण्याच्या तुलनेत त्यांचा फायदा बेताचाच दिसतो. पाकिटे नाहीत म्हणून इरास अडले, ही सबब चालण्यासारखी नाही.

दुसरी लढाई सलाईनशी, आणि ती जास्त अवघड आहे. कारण बाटली लटकत आहे म्हणजे उपचार चालू आहेत, अशी समजूत खोल रुजली आहे. बाटली काढली, की नातेवाईक धास्तावतात. एक लिटर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. निरोगी माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शस्त्रक्रियेच्या ताणाखाली असलेले शरीर हे मीठ आणि पाणी बाहेर टाकू शकत नाही, ते साठते. पायावर सूज येते ती दिसते. आतड्याच्या भिंतीत सूज येते ती दिसत नाही. नॉटिंगहॅममध्ये २००२ साली अवघ्या २० रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीप्रमाणे रोज ३ लिटर किंवा अधिक पाणी आणि एका बाटलीइतके मीठ दिले, उरलेल्यांना जास्तीत जास्त २ लिटर पाणी आणि निम्मे मीठ. पहिल्या गटाचे जठर मंदावले, गॅस एक दिवस उशिरा सुटला आणि मुक्काम ६ ऐवजी ९ दिवसांचा झाला. सकाळी विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाचे 'नाही' हे उत्तर काही अंशी वॉर्डच तयार करत होता.

मग हात अतिच आखडला गेला, तेही बरे झाले नाही. २०१८ मध्ये सुमारे ३,००० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत फारच कमी द्रव मिळालेल्यांच्या मूत्रपिंडांना जास्त इजा झाली. मधला मार्ग असा, की रुग्ण पिऊ लागला की बाटली उतरवायची. त्यासाठी त्याला प्यायला द्यावे लागते.

वेदनेबाबतही यादी बदलत गेली. केलेट यांनी पाठीतली बारीक नळी वापरली; आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी तिची सहसा शिफारस होत नाही. पाठीत एकदाच दिलेले इंजेक्शन किंवा पोटाच्या स्नायूंत दिलेली सुन्नता, आणि नंतर घड्याळाच्या काट्यावर पॅरासिटामॉल, यावर बहुतेकांचे भागते. 'दुखले तर सांगा' ही सूचना निरुपयोगी आहे, कारण आपल्याकडचा रुग्ण सांगत नाही. डॉक्टरांना त्रास नको म्हणून दात आवळून पडून राहतो. जो दुखते म्हणून हलत नाही, त्याच्या छातीत कफ साठतो आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. मॉर्फिनसारखी औषधे लागली तर द्यावीतच, पण ती आतड्याला झोपवतात, म्हणून शक्य तितकी कमी.

आणि चालणे. युरोपातल्या यादीत शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन तास आणि पुढे रोज सहा तास खाटेबाहेर, असे उद्दिष्ट आहे. खाटेबाहेर म्हणजे कुठे? जनरल वॉर्डात खाटेशेजारी बहुधा एक लोखंडी स्टूल असते आणि त्यावर डबा, पाण्याची बाटली आणि एक्स-रेचे पाकीट. वॉर्ड भरला की दोन खाटांमध्ये जमिनीवरही गाद्या पडतात. पाठ टेकता येईल अशी, हाताचा आधार असलेली एक खुर्ची दर खाटेमागे मिळाली, तर मोठ्या आतड्याच्या रुग्णांसाठी ते बऱ्याच यंत्रांपेक्षा उपयोगी ठरेल. रोबोटचे उद्‌घाटन होते, खुर्चीचे होत नाही, हा खुर्चीचा दोष नव्हे. लघवीची नळी दुसऱ्या दिवशी काढली, नाकातली नळी मुळात ठेवलीच नाही आणि कारण नसताना ड्रेन टाकला नाही, तर रुग्णाला खाटेशी बांधणारे दोर तुटतात आणि शौचालयापर्यंत चालणे हाच पहिला व्यायाम होतो.

हे सगळे करायचे कोणी? डेन्मार्कमध्ये ते परिचारिका करतात. इथे रात्रपाळीत एक-दोन सिस्टर आणि सगळा वॉर्ड अशी स्थिती असते. त्यांच्याकडून प्रत्येक रुग्णाला तीनदा चालवण्याची अपेक्षा करणे हा कागदी विनोद होईल. पदे भरली गेलीच पाहिजेत. पण आपल्या वॉर्डात आणखी एक मनुष्यबळ आहे, ज्याची परदेशी पुस्तकांना कल्पना नाही: खाटेशेजारी दिवसरात्र बसलेला नातेवाईक. सध्या त्याचे काम औषधे आणणे, रक्ताचे नमुने पोचवणे आणि 'अजून काही देऊ नका' हे ऐकणे. त्याच माणसाला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वीस मिनिटे बसवून सांगितले, की सायंकाळी शुद्धीवर आल्यावर घोट घोट पाणी द्या, उद्या पेज, मऊ भात, मुगाचे वरण, अंडे चालत असेल तर अंडे. ओकारी आली तर थांबा आणि सिस्टरला बोलवा. सकाळ-संध्याकाळ वॉर्डाच्या टोकापर्यंत चालवा, तर निम्मी यादी तिथेच मार्गी लागते. न सांगितल्यास हाच नातेवाईक सर्वांत मोठा अडसर होतो. 'पोट फाडलंय आणि भात खायला सांगतात,' ही आईची किंवा सासूची धास्ती अज्ञान म्हणून झटकण्यासारखी नाही. चाळीस वर्षे डॉक्टरांनीच ती शिकवली आहे.

छापील यादी भिंतीवर लावून काही होत नाही, याचा पुरावा स्टॉकहोमच्या एर्स्टा रुग्णालयात आहे. तिथे कर्करोगाच्या ९५३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २००२ ते २००४ या काळात यादीतल्या ४३ टक्के गोष्टी प्रत्यक्षात होत होत्या, पुढच्या तीन वर्षांत ७१ टक्के. यादी तीच, पाळणे वाढले आणि गुंतागुंती घटल्या. त्याच गटाने पुढे पाच वर्षांच्या जगण्याचा हिशेब मांडला, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक पालन झालेल्यांमध्ये कर्करोगाने मृत्यूचा धोका ४२ टक्के कमी आढळला. हा आकडा जपून वाचायला हवा. ज्यांची प्रकृती मुळात बरी, त्यांच्याकडून यादी पाळली जाणे सोपे असते. निव्वळ निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही. पण एक दुवा सरळ आहे. गाठ लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेल्या रुग्णाला नंतर केमोथेरपी लागते आणि ती साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते. जो रुग्ण महिनाभर अंथरुणातून उठत नाही, त्याची केमोथेरपी पुढे ढकलली जाते.

खाटांचे गणितही सोपे आहे. २० खाटांच्या वॉर्डात महिन्याला ६०० खाट-दिवस असतात. दहा दिवसांच्या मुक्कामाने त्यात ६० रुग्ण बसतात, सहा दिवसांच्या मुक्कामाने १००. तारखेची वाट पाहत घरी बसलेल्या कर्करोगाच्या रुग्णासाठी ही निव्वळ आकडेमोड नाही. पण नेमकी इथेच या पद्धतीची गैरवापराची वाट सुरू होते. शासकीय योजनेत शस्त्रक्रियेचे पैसे पॅकेजने मिळतात. रुग्ण चौथ्या दिवशी गेला काय आणि दहाव्या दिवशी गेला काय, रक्कम तीच. त्यामुळे 'इरास' हे नाव घेऊन रुग्णाला लवकर बाहेर काढण्याचा मोह खासगी आणि सरकारी दोन्हीकडे होणार. आधीचे काही केले नाही, पाजले नाही, चालवले नाही आणि चौथ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड हातात दिले, तर त्याला घालवून देणे म्हणतात.

कारण जोड सुटायचा असेल तर तो बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, कधी त्यानंतरही सुटतो. मोठ्या आतड्यात हे शंभरात काही जणांना होते, गुदाशयाजवळच्या जोडात जास्त. उत्तम सर्जनच्या हातूनही होते. जुन्या पद्धतीत रुग्ण त्या दिवशी वॉर्डात असायचा. आता तो एसटीच्या प्रवासानंतर गावी पोचलेला असू शकतो. म्हणून दिवस मोजून नव्हे, रुग्ण पाहून सोडायचे: जेवतो आहे, चालतो आहे, गोळ्यांवर वेदना आटोक्यात आहे, नाडी शांत आहे. तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी रक्तातील सीआरपी ही स्वस्त तपासणी करावी. ती १५० च्या बरीच खाली असेल तर जोड ठीक असण्याची शक्यता खूप मोठी. वर असेल तर घाई करू नये. आणि ज्याचे गाव पाच तासांवर आहे, त्याला वॉर्डातून हलवले तरी शहरातून हलवू नये. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. अशी सोय जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांशेजारी उभी राहिली, तर खाटही मोकळी होईल आणि रुग्ण दहा मिनिटांच्या अंतरावर राहील.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावे असतात, टाके काढण्याची तारीख असते. पोटात दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, पोट फुगले, ताप किंवा थंडी आली, छातीत धडधड वाढली, कालपर्यंत जेवणाऱ्याने आज ताट बाजूला सारले, तर सकाळची वाट न पाहता यायचे, हे मराठीत आणि ठळक अक्षरांत असायला हवे. खाली एक फोन नंबर. ओपीडीचा नव्हे, कारण तो दुपारी बंद होतो. रात्री अडीच वाजता जो वाजेल आणि ज्यावर रुग्णाची शस्त्रक्रिया कोणती झाली हे माहीत असलेला निवासी डॉक्टर बोलेल, असा. आणि घरी गेल्यावर पहिले तीन-चार दिवस रोज एकदा वॉर्डातूनच रुग्णाला फोन जावा: काय खाल्ले, किती चालला, ताप आहे का. गॅस सुटला का, हेही विचारायला हरकत नाही.